मातीची चिमणी, चिपाडाचा उंट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबरची थंडी अंगाला झोंबायला लागली की आमच्या मिरजेच्या बाजारात चांदण्या दिसू लागतात. दिवाळीत ज्या दुकानाबाहेर आकाशकंदील टांगलेले असतात, त्याच दुकानाबाहेर, त्याच दोरीला कागदी चांदण्या लटकतात. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ. आकाशकंदिलाला हेच सामान लागतं, मोहरमच्या ताबुताला हेच लागतं आणि नाताळच्या चांदणीलाही हेच. सामानाला जातधर्म विचारायची सवय नसते.

अलीकडे या चांदण्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचे चकचकीत गोळे, घंटा आणि बर्फातली हरणं येऊन बसली आहेत. जगभरच्या नाताळ-सजावटीचा मोठा वाटा चीनमधल्या यिवू शहरातल्या आणि आसपासच्या कारखान्यांतून येतो. माल स्वस्त असतो, दिसतो छान. पण मिरजेच्या पोरानं बर्फ पाहिलेला नसतो आणि ते हरणही पाहिलेलं नसतं. तो ते विकत घेतो, टांगतो आणि विसरतो. आज मला बोलायचं आहे ते या सजावटीतल्या प्राण्यांविषयी. ते नाताळात आले कुठून, आणि मुलांना हाताशी घेऊन ते घरी कसे करता येतील, याविषयी.

यात तुमचा काय संबंध, असं कुणी विचारील. मी मुसलमान. मराठी घेऊन बी. ए. झालो, मराठीत कविता लिहितो. माझ्या घरी नाताळचं झाड नसतं. पण गेली काही वर्षं डिसेंबरातले दोन-तीन रविवार मी एका वाचनालयाच्या ओसरीवर मुलांना घेऊन बसतो. माती, कागद, कणीक, चिपाडं असं सामान असतं. मुलं सगळ्या घरांतली असतात. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून ख्रिस्ती घरं इथल्या वस्तीत मिसळून गेली आहेत. नाताळ हा आमच्या गावाचा शेजारघरचा सण आहे.

पहिला प्रश्न मुलंच विचारतात. नाताळ म्हणजे येशूचा जन्म, मग त्यात बैल आणि गाढव कशाला?

उत्तर गमतीचं आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एवढंच आहे की मरियेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. जवळच्या रानात मेंढपाळ रात्री कळप राखत होते, हेही तिथं आहे. म्हणजे मेंढरं आली. पण बैलाचा उल्लेख नाही, गाढवाचाही नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागं येतात, पण ते उंटावर बसून आले असं कुठं म्हटलेलं नाही. ते तीनच होते, असंही नाही.

मग हे प्राणी कुठून आले? गव्हाण आली की तिच्यावर खाणारं जनावर आपोआप येतं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगायला नको. त्याशिवाय, येशूच्या कितीतरी आधीच्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात एक तक्रार आहे. बैलाला आपला धनी ठाऊक असतो, गाढवाला धन्याची गव्हाण ठाऊक असते, पण माणसांना मात्र आपला धनी ओळखू येत नाही, अशा अर्थाची. जुन्या ख्रिस्ती लोकांनी ही दोन्ही जनावरं तिथून उचलली आणि बाळाशेजारी उभी केली. चौथ्या शतकातल्या रोमन दगडी शवपेट्यांवरच्या कोरीवकामात गव्हाणीतलं बाळ, बैल आणि गाढव दिसतात. उंटही याच ग्रंथातून आले असावेत, कारण सोनं आणि ऊद घेऊन येणाऱ्या उंटांचं वर्णन तिथं पुढं एका ठिकाणी आहे.

यानंतरचं मोठं पाऊल टाकलं संत फ्रान्सिस यांनी. इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या डोंगरी गावात १२२३ सालच्या नाताळात त्यांनी खरी गव्हाण मांडली, खरं गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. मशाली घेऊन आलेल्या गावकऱ्यांना तो जन्म गरिबाच्या गोठ्यात कसा झाला असेल, हे डोळ्यांनी दिसावं एवढाच हेतू होता. २०२३ मध्ये या घटनेला ८०० वर्षं पूर्ण झाली. गव्हाणीचा देखावा करण्याची चाल त्याआधीही होती, पण ती लोकांच्या घराघरांत पोचायला ग्रेच्चोची मोठी मदत झाली, असं मानतात. आज गोव्यात घरोघर असा देखावा असतो. वसईच्या गावांत तर तरुण मंडळी मोठमोठे नाताळ गोठे उभारतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, बघायला झुंबड उडते. दिवाळीतल्या किल्ल्यांवर जीव टाकणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. किल्ल्यावर मावळे, गोठ्यात मेंढरं.

झाडावर टांगायचे प्राणी मात्र निराळ्या वाटेनं आले, आणि ती वाट बरीचशी जर्मनीतून जाते. सुरुवातीला तिथं झाडाला सफरचंदं, सुकामेवा, कणकेची बिस्किटं बांधत. बिस्किटांना प्राण्यांचे आकार देणं ओघानंच आलं. पुढं, एकोणिसाव्या शतकात, थुरिंगिया भागातल्या लाउशा या गावच्या काचकारागिरांनी काच फुंकून सजावटीचे गोळे केले आणि मग काचेचे पक्षी केले. शेपटीला काचेच्या तंतूंचा झुपका असलेले ते पक्षी आजही तिथं होतात.

त्याहून मला आवडतं ते झाइफेन गावचं काम. हे गाव जर्मनी आणि चेक देशाच्या सीमेवरच्या डोंगरात आहे. तिथं पूर्वी कथलाच्या खाणी होत्या. खाणी मंदावल्या तसे लोक लाकूडकामाकडं वळले. तिथला कारागीर ओल्या लाकडाची एक जाड चकती कातावर लावतो आणि तिच्यावर आतून-बाहेरून खाचा पाडत जातो. बघणाऱ्याला वाटतं, हा भल्यामोठ्या बांगडीसारखं काहीतरी कातून काढतोय. मग तो ती बांगडी हातात घेतो आणि सुरीनं तिच्या फोडी करतो, आपण गुळाच्या ढेपेच्या कराव्या तशा. प्रत्येक फोडीच्या कापलेल्या बाजूला बघावं तर गाय! तशाच फोडी पुढं निघत जातात आणि एका बांगडीतून आख्खा कळप बाहेर पडतो. कातताना कारागिराला आतली गाय दिसत नसते, ती त्याच्या हातात असते.

पण मित्रहो, या सुंदर वस्तूंची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाउशाला काय, झाइफेनला काय, हा घरबसल्या चालणारा धंदा होता आणि त्यात आख्खं घर जुंपलेलं असे. लहान मुलंही. रात्री दिव्याच्या उजेडात रंग द्यायचा, शेपट्या चिकटवायच्या, आणि मोबदला अगदी थोडा. श्रीमंत घरच्या मुलांच्या नाताळासाठी गरीब घरची मुलं राबत होती. तेव्हा 'मुलांनी बनवलेले प्राणी' या शब्दांचे दोन अर्थ होतात, हे आपण विसरू नये. जे मूल गरजेपोटी शंभर मेंढ्या रंगवतं त्याचं बालपण खर्ची पडतं. जे मूल आपल्या मनानं एक मेंढी करतं, त्याला काहीतरी मिळतं. मुलांना घेऊन बसताना मी हा फरक लक्षात ठेवतो. कुणाला 'अजून पाच कर' म्हणत नाही.

आपल्या देशातलं एक उदाहरण सांगतो. श्रीनगरच्या जुन्या वस्तीत पेपरमाशीचं काम चालतं. ते करणारे कारागीर बहुतेक मुसलमान, त्यातही बरेचसे शिया. कामाचे दोन भाग असतात. कागद पाण्यात कित्येक दिवस भिजवायचा, कुटायचा, तांदळाच्या खळीत कालवायचा, साच्यावर थापायचा, वाळवायचा. याला सख्तसाजी म्हणतात. नंतर त्यावर बारीक कुंचल्यानं रंगकाम करायचं, ती नक्काशी. इराणकडून आलेली ही कला शतकानुशतकं कलमदान आणि पेट्या सजवत आली. आज याच हातांनी नाताळचे गोळे, चांदण्या, घंटा, हत्ती, उंट आणि पाखरं होतात, आणि डिसेंबरच्या कितीतरी आधी परदेशी रवाना होतात. कुठल्या तरी दूरच्या ख्रिस्ती घरातल्या झाडावर झुलणारा हत्ती झेलमच्या काठी एखाद्या मुसलमान नक्काशानं रंगवलेला असतो. हस्तकला आणि लोककलांसाठी श्रीनगरची २०२१ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांत निवड झाली, त्यात अशा कारागिरांचा वाटा आहे.

आता आपल्या ओसरीवर येऊ. मी मुलांना पहिल्यांदा एकच सांगतो. चित्रातला प्राणी करायचा नाही, पाहिलेला करायचा. मग आमच्या गोठ्यातला बैल खिलार होतो, पांढराशुभ्र, लांब शिंगं मागं वळलेली. बेंदराला मातीचे बैल पाहिलेल्या मुलांना तो चटकन जमतो. मेंढरू पांढरं कापसाचं होत नाही, काळं होतं, कारण आमच्या भागातून धनगरांचे जे कळप जातात ते बहुतांशी काळ्या दख्खनी मेंढरांचे. जतकडच्या पाहुण्या मुलीनं एकदा राघूसारख्या बाकदार नाकाची मेंढी केली. बाकीची मुलं हसली. ती म्हणाली, "माडग्याळची मेंढी अशीच असते." तिचं बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांना माडग्याळी मेंढी कळली.

करताना बघणं होतं आणि बघताना शब्द सापडतात. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं आणि गाढविणीचं शिंगरू. शहरातल्या मुलांना हे सगळे 'बेबी' असतात. शेळी आणि मेंढी ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट. शेळीचं आखूड शेपूट वर उचललेलं असतं, मेंढीचं खाली लोंबतं. गाढवाचे कान आपण समजतो त्याहून लांब असतात आणि शेपटाच्या टोकाला गाईसारखा झुपका असतो. पुष्कळ गाढवांच्या पाठीवर एक काळी रेघ आणि खांद्यांवर आडवी दुसरी रेघ असते. त्या दोन्ही मिळून क्रूस होतो, आणि येशूला जेरुसलेममध्ये वाहून नेल्याची ती खूण, अशी ख्रिस्ती लोककथा आहे. अरबस्तानातला उंट एका मदारीचा, हेही मुलांना सांगावं लागतं.

सामान चार प्रकारचं. पहिली मिठाची कणीक. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नये. आठ-दहा मिनिटं चांगलं मळावं, गोळा हाताला चिकटेनासा झाला पाहिजे. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी, प्राणी कापावा, आणि ओला असतानाच वरच्या बाजूला शीतपेयाच्या नळीनं भोक पाडावं. वाळल्यावर पाडायला गेलात तर तुकडे होतात. पंख्याखाली तीन-चार दिवस, रोज उलटसुलट करत वाळवावं. घरात भट्टी असेल तर १०० अंशांवर दोन-तीन तास पुरतात. रंग दिल्यावर वर पारदर्शक रोगण लावावं, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. कोकणात तर हे विसरूच नये. आणि एक धोक्याची सूचना. ही कणीक कुत्र्याला लागू देऊ नका. एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. मुलांनाही चाखू देऊ नये.

दुसरा कागदाचा लगदा. आपल्या आज्या जुने कागद भिजवून, मेथ्या घालून, कुटून टोपल्या लिंपायच्या. तेच इथं करायचं. तीन-चार वर्तमानपत्रांची पानं बारीक फाडून रात्रभर गरम पाण्यात भिजत घाला. सकाळी कुटा, घट्ट पिळा. त्यात दोन चमचे भिजवून वाटलेली मेथी आणि तीन-चार चमचे मैद्याची खळ घाला. प्राण्याचं धड आधी कोरड्या कागदाचा बोळा दोऱ्यानं आवळून करून घ्यावं आणि त्यावर हा लगदा थापावा. असा प्राणी वजनाला हलका होतो, फांदीला टांगायला उत्तम. गाढव आणि हत्ती यात चांगले होतात. मात्र वाळायला चार दिवस लागतात आणि मुलांना धीर धरवत नाही, हे गृहीत धरा.

तिसरी माती. शाडू किंवा गाळाची काळी माती. लिंबाएवढ्या गोळ्याची चिमणी करावी, त्याहून मोठी नको. चोच, शेपूट वेगळं करून जोडायचं असेल तर दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढून मधे पातळ माती लावावी, नाहीतर वाळल्यावर सांधा सुटतो. टांगायला तारेचा छोटा फासा माती ओली असतानाच पाठीत रोवावा. वाळवणं सावलीतच, उन्हात तडे जातात.

चौथं सामान माझ्या लहानपणाचं, ज्वारीचं चिपाड. कडब्याच्या गंजीतलं वाळलेलं ताट घ्यायचं. वरची साल सोलली की कांबी मिळतात आणि आतला मऊ भेंड मिळतो. भेंडाचं धड, कांबीचे पाय, कांबीचीच मान. खेड्यातल्या पोरांनी याच्या बैलगाड्या पिढ्यान्पिढ्या केल्या आहेत. स्वीडनमध्ये गवताच्या काड्या बांधून नाताळचा बोकड करतात; येव्हले गावात १९६६ पासून तर चौकात तो अवाढव्य आकाराचा उभारतात, आणि कुणीतरी वात्रटपणानं तो कितीदा जाळलाही आहे. आमचा उंट मात्र वीतभर. बोटभर लांबीचा भेंड, त्यावर अर्ध्या तुकड्याची मदार, खाली चार कांबी. दहा मिनिटांत उभा राहतो. फक्त ताटाची साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलण्याचं काम मोठ्यांनी करावं.

झाड म्हणून सूचिपर्णीच हवा असा हट्ट नको. शेवग्याची वाळकी फांदी कुंडीत रोवली की झालं. गोठ्यापुढं गवत हवं असेल तर दहा-बारा दिवस आधी परातीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरावा. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या घरात हे सांगायला नको.

आणि मोठ्यांनी नमुना करून पुढं ठेवू नये. नमुना ठेवला की सगळी मुलं तोच करतात. मुलाची मेंढी मांजरासारखी दिसली तरी ती दुरुस्त करू नये. फार तर विचारावं, "हिचं शेपूट कसं असतं रे?" पुढच्या खेपेला तो बघून येतो.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. एका रविवारी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ओसरीवर आले. फळांची गाडी लावतात. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्यापुढं गाढव करत बसला होता. ते म्हणाले, "भाईजान, मातीकाम शिकवता ते ठीक. पण हे त्यांच्या सणाचं. आणि जनावरांच्या मूर्ती करायच्या म्हणजे... आपल्यात चालतं का?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. मुलाचा हात धरून ते त्याला घेऊनही गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाडीवर गेलो.

त्यांची शंका खोटी नव्हती. सजीवांच्या प्रतिमा कराव्यात की नाही, यावर इस्लाममध्ये शतकानुशतकं वाद आहे, आणि मनाई मानणारे पुष्कळ आहेत. ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण हदीसच्या ग्रंथांत एक हकिकतही आहे. हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांत एक घोडा होता, चिंध्यांचे दोन पंख लावलेला. पैगंबरसाहेबांनी विचारलं, घोड्याला कुठं पंख असतात? त्या म्हणाल्या, सुलेमान पैगंबरांच्या घोड्यांना होते ना! त्यावर पैगंबरसाहेब मनमोकळं हसले. लहान मुलांच्या खेळण्यांना पुष्कळ उलेमांनी मोकळीक दिली आहे, ती अशा हकिकतींच्या आधारानं.

दुसरी गोष्ट सणाची. हजरत ईसा आमचेही पैगंबर आहेत. कुरआनातल्या ११४ सूरांपैकी एक, एकोणिसावी, त्यांच्या आईच्या नावाची आहे. त्यांच्या जन्माची कथा तिथं आहे, पण गोठ्यातली नाही. बीबी मरियम एकट्याच खजुराच्या झाडाखाली आहेत, वरून खजूर पडताहेत, पायाशी झरा आहे. ख्रिस्ती लोक त्यांना देवाचा पुत्र मानतात, आम्ही मानत नाही. हा फरक मोठा आहे आणि मी तो मुलांपुढं पुसट करत नाही. दुसऱ्याच्या सणाला हात लावायचा तर तो दुसऱ्याचा आहे, हे आधी कबूल करायला हवं. पण त्याच कुरआनात दोन ठिकाणी ईसांची आणखी एक गोष्ट येते. ते मातीचं पाखरू करतात, त्यावर फुंकर घालतात आणि अल्लाहच्या हुकमानं ते खरं पाखरू होतं. ख्रिस्ती परंपरेतही, बायबलबाहेरच्या एका जुन्या ग्रंथात, पाच वर्षांच्या येशूनं ओढ्याकाठी मातीच्या बारा चिमण्या केल्याची कथा आहे. तिथंही त्या उडून जातात. दोन धर्मांत एवढं अंतर असून चिखलात हात घालून बसलेलं हे मूल दोघांच्या कथांत आहे.

फळवाले सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही शिकलेले. मला एवढंच भ्या वाटतं की पोरगं उद्या आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे विसरंल." मी म्हटलं, "विसरणार नाही. न बघता वाढलं तर मात्र दुसऱ्याचं म्हणजे काय, हे त्याला कधी कळणारच नाही." त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एक डझन केळी बांधून दिली आणि पैसे मात्र नेमके घेतले.

पुढच्या रविवारी मुलगा आला. त्यानं गाढव पुरं केलं, पण डोळे काढले नाहीत. म्हणाला, "अब्बांनी सांगितलंय, डोळे काढायचे नाहीत." काही मुसलमान घरांत ही मधली वाट असते. मी म्हटलं, ठीक आहे. बाकीच्या मुलांनी त्याला का म्हणून विचारलं, त्यानं सांगितलं, आणि ती पुन्हा आपापल्या कामाला लागली. मोठ्या माणसांना ज्यावर परिसंवाद भरवावा लागतो, ते मुलांनी दोन वाक्यांत उरकलं.

आमचे प्राणी जातात ते एका निवृत्त परिचारिका बाईंच्या घरी. मुलं त्यांना सिस्टर आजी म्हणतात. दरवर्षी त्या गोठा मांडतात. त्या वर्षी त्यांनी ते बिनडोळ्यांचं गाढव हातात घेतलं, फिरवून बघितलं. मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "वडलांचं ऐकलं त्यानं, चांगलं केलं." आणि गव्हाणीच्या अगदी लगत, खिलार बैलासमोर त्यांनी ते ठेवलं. २५ तारखेला गोठा बघायला आलेल्यांत फळवालेही होते. आत आले नाहीत. उंबऱ्याशी उभं राहून मुलाला म्हणाले, "कान बरे झालेत."

आपल्या गावांतून मुलं आता निरनिराळ्या शाळांत जातात, निरनिराळ्या वस्त्यांत वाढतात. एका ओसरीवर बसण्याचे प्रसंग कमी होत चालले आहेत. एकोप्यावर भाषणं देऊन ते वाढणार नाहीत. पण एक परात माती मधे ठेवली तर चार घरांतली मुलं तिच्याभोवती बसतात, आणि पाणी कुणी जास्त घातलं यावरून भांडतातही. ते भांडण मला मोलाचं वाटतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर या आठवड्यातच सुरुवात करा, कारण वाळायला चार-पाच दिवस जातात. शेजारच्या मुलांनाही बोलवा. कुणाच्या आईवडलांना शंका असेल तर ती आधी ऐकून घ्या. पुष्कळ घरी सहा जानेवारीच्या सुमाराला, ज्ञानी लोकांच्या सणानंतर, गोठा उतरवतात. तेव्हा लगद्याचे प्राणी कागदात गुंडाळून ठेवावेत, पुढच्या वर्षीही कामाला येतात. मातीच्या चिमण्यांना कणकेसारखं रोगण लावू नये, म्हणजे त्या बादलीत भिजत घालता येतात. तारेचा फासा आधी काढून घ्यावा. तासाभरात चिमण्या विरघळतात, आणि तीच माती पुढच्या कामाला तयार असते. बेंदराच्या बैलालाही ती चालते.